कासवाच्या पिल्लाला गवताची गोडी

कासव हा माणसांच्या डॉक्टरचा विषय नव्हे, असे काही वाचकांना वाटेल. परंतु घरात एखादा प्राणी आला की त्याचे आरोग्य आणि घरातील मुलांचे आरोग्य यांची गाठ पडते. गेल्या काही वर्षांत दवाखान्यात येणाऱ्या कुटुंबांपैकी काहींच्या घरी ससा, पोपट यांच्याबरोबर कासवाचे पिल्लूही दिसू लागले आहे. ‘डॉक्टरसाहेब, आमचं कासव काकडी आणि टोमॅटोशिवाय कशाला तोंड लावत नाही, गवत टाकलं तर त्यावरून चालत जातं. काय करावं?’ हा प्रश्न मला एका पालकांनी विचारला. तो मी माझ्या पशुवैद्यक मित्रापुढे ठेवला आणि त्याच्याशी झालेल्या चर्चेतून जे हाती लागले ते येथे देत आहे. त्यातला अर्धा भाग कासवासाठी आहे, अर्धा भाग ते हाताळणाऱ्या मुलांसाठी.

आधी ओळख पटवा

मराठीत पाण्यातले आणि जमिनीवरचे अशा दोन्ही प्राण्यांना आपण कासवच म्हणतो. येथेच पहिला घोटाळा होतो. दुकानात काचेच्या पेटीत पोहणारे, कानाशी लाल पट्टा असलेले हिरवे पिल्लू हे पाण्यातले कासव होय. त्याच्यापुढे वाळलेले गवत टाकून उपयोग नाही. ते पाण्यातच खाते आणि त्याचा आहार निराळा आहे. पायाची बोटे पडद्याने जोडलेली असतील तर ते पाण्यातले, आणि पाय हत्तीच्या पायासारखे खांबासारखे असतील तर ते जमिनीवरचे, अशी सोपी खूण लक्षात ठेवावी.

जमिनीवरच्या कासवांतही भेद आहे. पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असलेले चांदणी कासव आपल्या देशातले. ते घरात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. ‘लक्ष्मी येते’ म्हणून कोणी आणून दिले तरी तो गुन्हाच. असे कासव घरात असेल तर ते रानात सोडून देऊ नये, वन विभागाला कळवावे. देवळाच्या सभामंडपात जे दगडी कासव असते त्याला नमस्कार पुरेसा आहे. जिवंत कासवाला मात्र पोट आहे.

पाळीव म्हणून जे जमिनीवरचे कासव आपल्याकडे अधिक दिसते ते आफ्रिकेतले सुलकाटा. सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेला सेनेगलपासून माली, नायजर, चाड, सुदान, इथिओपियापर्यंत जो कोरडा गवताळ पट्टा पसरला आहे, तो याचा मुलूख. हे परदेशी कासव असले तरी त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारान्वये निर्बंध आहेत. आपल्या कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि २०२४ मध्ये त्याखालील नियम आले. त्यानुसार असा प्राणी बाळगणाऱ्याने केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर त्याची नोंदणी केली पाहिजे. विकत घेताना पावती आणि कागदपत्रे मागावीत. या लेखातील पुढील सर्व सूचना सुलकाटाच्या पिल्लासाठी आहेत.

गवतच का?

सुलकाटा हा गवतावर जगणारा प्राणी आहे. गाय-म्हैस जशी चाऱ्यावर जगते तसा. फरक एवढाच की गाईला चार कप्प्यांचे पोट आहे आणि ती रवंथ करते. कासवाला दात नाहीत. ते चोचीसारख्या कठीण जबड्याने गवत तोडते आणि जवळजवळ तसेच गिळते. पुढचे काम मोठ्या आतड्यातील सूक्ष्म जंतू करतात. ते जंतू चोथ्यावर वाढतात, चोथा आंबवतात आणि त्यातून कासवाला शक्ती मिळते. हे काम सावकाश चालते व त्याला ऊब लागते.

अशा पोटात केळे, आंबा, टरबूज अशी गोड फळे गेली की चुकीच्या प्रकारचे आंबणे सुरू होते. पोट फुगते, शी पातळ होते, जंतही वाढतात. पोळी, भात, डाळ हे पदार्थही त्याचे नव्हेत. दुधाचा तर प्रश्नच येत नाही. जो प्राणी अंड्यातून बाहेर आल्यावर कधी आईचे दूध प्यायला नाही, त्याच्या आतड्याला दूध पचवणे कसे ठाऊक असणार?

काकडी आणि टोमॅटोने पिल्लू मरत नाही, पण त्याची वाढही होत नाही. काकडीत मुख्यतः पाणी आहे. टोमॅटोत कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस जास्त आहे. कवच म्हणजे हाडच. ते घडवायला अन्नात फॉस्फरसच्या किमान दुप्पट कॅल्शियम असावे असे पशुवैद्यक सांगतात. ते न मिळाल्यास शरीर हाडांतूनच कॅल्शियम काढू लागते. मुलांना ज्याप्रमाणे मुडदूस होतो त्याप्रमाणे कासवाचेही होते. कवच बोटाने दाबले तर दबते, पाय वाकडे होतात, ते अंग उचलून चालण्याऐवजी पोट घासत चालते. पहिल्या दोन-तीन वर्षांत बिघडलेला कवचाचा आकार पुढे सरळ होत नाही. म्हणूनच पिल्लाच्या वयातच गवताची सवय लागणे महत्त्वाचे.

पिल्लू गवत का खात नाही?

यात पिल्लाचा हट्ट कमी आणि आपली घाई अधिक असते. अंड्यातून निघालेले पिल्लू चार-पाच सेंटिमीटर लांबीचे असते. त्याच्यापुढे आपण बोटभर लांबीच्या वाळक्या काड्या टाकतो. त्या त्याच्या तोंडात मावत नाहीत, जबड्याने तुटत नाहीत आणि त्यांना ओल्या पाल्यासारखा वासही नसतो. मूळ प्रदेशात पावसाळ्यात कोवळे अंकुर त्याच्या समोर उभे असतात. मोठी कासवे वाळलेले गवत खातात, पण पिल्लू तिथवर हळूहळू जाते.

दुसरे कारण सवयीचे. कासव रंगाने आणि वासाने अन्न ओळखते. दुकानात असल्यापासून त्याला लाल टोमॅटो, गाजराचा कीस, कोशिंबिरीची पाने मिळालेली असतात. त्याच्या लेखी अन्न म्हणजे तेच. आपण सहा महिन्यांच्या बाळाला वरचे अन्न सुरू करताना काय करतो? पहिल्या दिवशी भाकरी पुढे ठेवत नाही. पातळ पेज, मग मऊ भात, मग कुस्करलेली पोळी अशा पायऱ्या घेतो. बाळाने तोंड फिरवले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा देतो. येथेही तोच क्रम आहे.

गोडी लावण्याच्या पायऱ्या

पहिली पायरी हिरव्या, ताज्या गवताची. हरळी म्हणजे दूर्वा यासाठी उत्तम. ती आपल्या अंगणातच असते आणि बारा महिने थोडीफार मिळते. कोवळी पाती कात्रीने अगदी बारीक, तांदळाच्या दाण्याएवढी कापावीत. पिल्लू जो पाला आवडीने खाते तो तेवढाच बारीक चिरावा. नऊ भाग पाला आणि एक भाग गवत घेऊन, थोडे पाणी शिंपडून, हाताने चांगले कालवावे. गवत पाल्याला चिकटले पाहिजे. वेगळे राहिले तर पिल्लू बरोबर बाजूला सारते.

दुसरी पायरी प्रमाण वाढवण्याची. चार-पाच दिवसांनी गवताचा भाग थोडा वाढवावा. पिल्लाने खाणे कमी केले तर एक पाऊल मागे यावे, आठवडाभर थांबावे आणि पुन्हा वाढवावे. दीड-दोन महिन्यांत निम्मे गवत झाले तरी उत्तम समजावे. पुढे तीन हिस्से गवत आणि एक हिस्सा पाला-फुले हे उद्दिष्ट ठेवावे.

तिसरी पायरी वाळलेल्या गवताची. वाळलेले गवत कात्रीने बारीक कापून कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजवावे. ते मऊ होते आणि त्याला पुन्हा वास सुटतो. पाणी निथळून ते हिरव्या गवताच्या मिश्रणात चिमूटभर घालावे. त्याचेही प्रमाण असेच हळूहळू वाढवावे. कासव मोठे होत जाईल तसे तुकडे लांब करावेत, भिजवणे कमी करावे. वर्ष-दीड वर्षाचे कासव कोरड्या गवताच्या पेंडीला स्वतःहून तोंड लावू लागले म्हणजे काम फत्ते झाले.

चौथी गोष्ट वेळेची. कासवाला सकाळचे ऊन मिळाले, अंग तापले की त्याला भूक लागते. त्या वेळी प्रथम गवताचे मिश्रण पुढे ठेवावे. आवडीचा पाला दुपारी द्यावा. म्हणजे उपाशीही राहत नाही आणि भुकेच्या पहिल्या तोंडाला गवत पडते. ‘दोन दिवस काही दिले नाही की आपोआप खाईल’ हा उपाय पिल्लावर करू नये. तोंड उघडून कोंबणे तर मुळीच नको. त्याने जबड्याला इजा होते आणि अन्न श्वासनळीत जाऊ शकते.

पाचवी युक्ती पेरण्याची. एका पसरट कुंडीत किंवा ट्रेमध्ये खत न घातलेली माती घेऊन गहू पेरावा. आठ दिवसांत हिरवी पाती येतात. ट्रे तसाच पिल्लाच्या जागेत ठेवला की ते उभे गवत आपणहून तोडते. उभ्या पात्याला तोंड लावण्याची सवय लागण्यास याचा फार उपयोग होतो. मुलांनाही पेरणे, पाणी घालणे, वाट पाहणे हे शिकायला मिळते.

काय द्यावे, काय टाळावे

हरळीबरोबर मारवेलसारखे मऊ गवत चालते. जास्वंदीची पाने व फुले, तुतीची पाने, काटे काढलेल्या फड्या निवडुंगाचे तुकडे हे गवताच्या जोडीला चांगले. मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला बदल म्हणून थोडा द्यावा. पालकात ऑक्झॅलेट असते व ते कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून पालक क्वचितच. कोबी, फ्लॉवर, मोहरीचा पाला रोज दिल्यास थायरॉइड ग्रंथीवर परिणाम होऊ शकतो. तोही कधीतरीच. लसूणघास जनावरांना पौष्टिक असला तरी त्यात प्रथिने फार, तेव्हा तो रोजचा आहार करू नये.

वाळलेले गवत घेताना ते हिरवट रंगाचे आणि सुवासिक असावे. बुरशी आलेले, काळपट, धुळीने भरलेले घेऊ नये. ज्वारीचा कडबा, भाताचा पेंढा, गव्हाचा भुस्सा ही वाळलेल्या गवताची जागा घेऊ शकत नाहीत. त्यात कस कमी आणि काडी कठीण. कुसळे असलेले गवत टाळावे, ती तोंडात व डोळ्यांत रुततात.

शेतकरी वाचकांना ‘किरळ लागणे’ ठाऊक आहेच. ज्वारीचे कोवळे पोंगे खाऊन गुरे दगावतात, कारण त्यात सायनाइड तयार होणारा पदार्थ असतो. म्हणून ट्रेमध्ये पेरायला गहू घ्यावा, ज्वारी घेऊ नये. कण्हेर, घाणेरी, रुई, गाजरगवत यांचे पानही पिल्लाच्या जवळ येऊ देऊ नये. बांधावरचे गवत आणायचे तर तेथे तणनाशक वा कीटकनाशक फवारलेले नाही याची खात्री करावी. रस्त्याकडेचे गवत आणूच नये.

कॅल्शियमसाठी पक्ष्यांच्या दुकानात मिळणारे समुद्रफेन जागेत ठेवावे किंवा पशुवैद्यक सांगतील ती पूड अन्नावर चिमूटभर टाकावी. पानात खायचा चुना मात्र कधीही देऊ नये. तो दाहक आहे, तोंड व अन्ननलिका भाजते.

ऊन, ऊब आणि पाणी

पुष्कळदा दोष गवतात नसून थंडीत असतो. कासवाचे रक्त स्वतः तापत नाही. अंग थंड असले की भूक मंदावते आणि खाल्लेले पचत नाही. पिल्लाची जागा साधारण २६ ते ३० अंश सेल्सिअस आणि एक कोपरा दिव्याने ३५ अंशांच्या आसपास उबदार असावा. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री आपल्याकडे पारा बराच उतरतो, तेव्हा काळजी घ्यावी. हे कासव थंडीत झोप घेणारे नाही. ते थंडीत निपचित पडले तर ‘झोपले आहे’ असे समजू नये.

कवचाला कॅल्शियमबरोबर ‘ड’ जीवनसत्त्व लागते आणि ते उन्हातील अतिनील किरणांनी कातडीत तयार होते. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा उपयोग नाही, कारण काच हे किरण अडवते. रोज सकाळी काही वेळ प्रत्यक्ष उन्हात ठेवावे. अर्ध्या जागेत सावली हवीच, आणि कावळा, घार, मांजर यांच्यापासून राखण करणारा माणूस जवळ हवा. काचेच्या पेटीत घालून उन्हात ठेवल्यास पिल्लू काही मिनिटांत तापून मरू शकते.

सुलकाटा वाळवंटाच्या कडेचा म्हणून त्याला कोरडे ठेवावे, हा गैरसमज आहे. २००३ मध्ये व्हिएन्ना येथील संशोधकांनी याच जातीच्या पिल्लांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. पाठीवर उंचवटे येण्यास कोरडी हवा हे मुख्य कारण ठरले आणि प्रथिनांचा प्रभाव किरकोळ दिसला. तेव्हा पिल्लाला ओलसर आडोसा द्यावा आणि रोज पंधरा मिनिटे हनुवटीइतक्या कोमट पाण्यात बसवावे. गवत वाढवाल तसे पाणीही वाढले पाहिजे. पाणी कमी पडले की मूत्राशयात खडा होतो आणि तो काढायला शस्त्रक्रिया करावी लागते.

आता मुलांकडे वळू

कासवाच्या आतड्यात सॅल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. कासवाला त्याचा त्रास होत नाही, ते धडधाकट दिसते. जंतू शीतून कवचावर, पाण्यात आणि तेथून हातावर येतात. अमेरिकेत १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर याच कारणासाठी बंदी घालण्यात आली. लहान मुले ती पिल्ले हाताळत, तोंडाजवळ नेत व आजारी पडत.

हे जंतू पोटात गेल्यावर काही तासांपासून सहा दिवसांपर्यंत केव्हाही ताप, पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात. टायफॉइडचा जंतू याच घराण्यातला असला तरी तो माणसाकडून माणसाकडे जातो, कासवाकडून येत नाही. म्हणून असा ताप आला की ‘विडाल करून टाका’ असा आग्रह धरण्यापेक्षा घरात कासव आहे हे डॉक्टरांना सांगावे. गरज वाटल्यास ते शौचाची कल्चर तपासणी करतील.

बहुतेक मुले जीवनरक्षक क्षारसंजीवनी, नेहमीचा हलका आहार आणि डॉक्टरांनी दिलेल्या झिंकवर काही दिवसांत बरी होतात. क्षारसंजीवनीचे मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदम विरघळवावे. थोडी पूड, थोडे पाणी असा अंदाज करू नये. उरलेली अँटिबायोटिकची गोळी मनाने देऊ नये. परंतु शौचात रक्त पडत असेल, ताप उतरत नसेल, मूल सुस्त झाले असेल, आठ तासांत लघवी झाली नसेल किंवा मूल तान्हे असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तान्ह्या बाळात हे जंतू रक्तात व मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतात.

माझ्याकडे आलेल्या एका चार वर्षांच्या मुलीच्या घरी पिल्लाची आंघोळ स्वयंपाकघरातील मोरीत होत असे आणि त्याच मोरीत भाजी धुतली जाई. आजींचे म्हणणे, ‘ते तर रोज आंघोळ करतं, आमच्यापेक्षा स्वच्छ!’ आंघोळीने कवच चकचकीत होते, जंतू मात्र पाण्यात उतरतात. आजींना हे पटले आणि त्यांनी स्वतःच कासवासाठी वेगळे घमेले काढले.

घरोघरी पाळावयाचे नियम असे. कासवाचे घमेले, कात्री, पाट वेगळे असावेत व ते स्वयंपाकघरात येऊ नयेत. घमेल्यातील पाणी संडासात ओतावे. कासव, त्याचे गवत वा जागा हाताळल्यावर साबणाने वीस सेकंद हात धुवावेत. मुलांचे हात मोठ्यांनी समोर उभे राहून धुऊन घ्यावेत. कासवाचा मुका घेणे नाही, अंथरुणावर घेणे नाही. पाच वर्षांखालील मूल, गरोदर स्त्री, कर्करोगावर उपचार घेणारी किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेली व्यक्ती घरात असेल तर कासव आणूच नये.

पशुवैद्यकाकडे केव्हा न्यावे?

दर आठवड्याला स्वयंपाकाचा नव्हे, वेगळ्या काट्यावर पिल्लाचे वजन करून वहीत लिहावे. गवताकडे वळताना वजन आठवडाभर थांबले तर चालेल, पण दोन आठवडे सलग घटले तर दाखवावे. कवच मऊ लागणे, डोळे सुजणे, नाकातून बुडबुडे येणे, उबदार जागा असूनही तीन-चार दिवस काही न खाणे, शी बंद होणे यांपैकी काहीही दिसल्यास थांबू नये. सर्वच पशुवैद्यक कासवे तपासत नाहीत, तेव्हा तपासणारे कोण आहेत हे आणण्यापूर्वीच विचारून ठेवावे.

शेवटी, ज्यांनी अजून कासव आणलेले नाही त्यांच्यासाठी. हातात मावणारे हे पिल्लू जगातील मोठ्या कासवांपैकी एक होणार आहे. पूर्ण वाढलेला सुलकाटा चाळीस-पन्नास किलोचा होतो आणि अनेक दशके जगतो. त्याला रोज टोपलीभर गवत, फिरायला अंगण आणि आपल्यानंतर सांभाळणारे कोणीतरी लागते. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात हे जमणारे नाही. मुलाच्या वाढदिवसाला भेट म्हणून तो आणण्याआधी आपल्या दारी हरळी उगवते का, एवढे तरी पाहावे. आणि ज्यांच्या घरी पिल्लू आलेच आहे त्यांनी उद्या सकाळी कात्री घेऊन अंगणात जावे, मूठभर कोवळी हरळी कापावी आणि परत आल्यावर साबणाने हात धुवावेत.